आठवा हात

राजाजीनगरातल्या त्या तीन मजली घरात शनिवारी संध्याकाळी मुलांची ताटं मांडत नाहीत. सुखदा मोठ्या पातेल्यात आमटीभात कालवते, तिन्ही भावांची मिळून आठ पोरं गच्चीवर तिच्याभोवती गोल करून बसतात, हात पुढे करतात आणि ती एकेका तळव्यावर घास ठेवत जाते. घरात याला कैतुत्तू म्हणतात. शब्द शेजारच्या कन्नड घरातून आला, पद्धतही तिथूनच आली, पण आता निपाणीचे पाहुणे आले की हेच लोक त्यांना ती आपल्या घरची रीत म्हणून समजावून सांगतात.

धाकटा विराट सोडला तर पोरं काही आता पोरं राहिली नव्हती. मोठ्या जावेचा, कावेरीअक्काचा राजस इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागला होता आणि त्याला चांगल्या झुबकेदार मिशा होत्या. तरी शनिवारी तो गुडघे पोटाशी घेऊन गोलात बसायचा, कारण सुखदाकाकूचा घास चुकवायची कुणाची छाती नव्हती. सुखदाला या शनिवारच्या घासाचा भारी अभिमान. "डोळे बांधा माझे, कुणाचा हात आहे ते सांगते," असं ती म्हणायची. एकदा पोरांनी खरंच बांधले होते, आणि तिने आठच्या आठ ओळखले होते. ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस त्या गल्लीत सापडणं कठीण.

त्या शनिवारी दुपारी ती मेट्रो स्टेशनखाली फुलं घ्यायला गेली, तेव्हा फुलवाली यल्लव्वा म्हणाली, "अक्का, तुमची मैत्रेयी शनवारी मेट्रोनं कुठं जातीया वो? गेल्या शनवारी दिसली, त्याच्या आधी बी. गजरा घे म्हटलं तर सरी सरी, घेते नंतर म्हणत पळाली."

"किती वाजता?"

"साडेसहा झाले असतील."

"मग दुसरी कुणीतरी असंल. साडेसहाला माझी पोरगी माझ्यापुढं जेवायला असते."

हे तिने ठणकावून सांगितलं खरं, पण घरी येईपर्यंत तिची खात्री डळमळली. यल्लव्वाने मैत्रेयीला परकर-पोलक्यात बघितलेलं होतं, तिची नजर चुकणार कशी? पण मग घास कुणी खाल्ला? गेल्या शनिवारी आठ हात होते. तिने स्वतः मोजले होते.

आमटीत मीठ दोनदा पडलं. मग पाणी वाढवलं, मग डाळ वाढवली. कावेरीअक्काने विचारलं, "काय झालंय गं तुला? कुठं लक्ष आहे?" सुखदा म्हणाली, "कुठं नाही." ती दोनदा वर जाऊन आली. मैत्रेयी जिन्यात बसून पुस्तक वाचत होती. खोलीत दोन बहिणी होत्या, गच्चीवर राजस फोनवर बोलत होता, तेव्हा जिनाच काय तो उरला होता. सुखदा तिच्याजवळ वाकली, तोंड उघडलं, तोच खालून सासरे आप्पाजी चहा कुठंय म्हणून विचारत वर आले, वरून विराट चेंडू आपटत खाली आला, आणि मैत्रेयीने पाय आखडून सगळ्यांना वाट दिली. विचारायचं राहूनच गेलं. या घरात पोटच्या पोरीला दोन मिनिटं एकटीला गाठायचं म्हणजे मुहूर्त काढावा लागत होता.

साडेसहाला गच्चीवर गोल जमला. दिवा म्हणाल तर जिन्यातलाच, मिणमिणता. सुखदाची मान नेहमीसारखी पातेल्यात. भात कालवताना वर बघितलं की घास लहानमोठा होतो, असं तिचं मत होतं. एक, दोन, तीन… हात येत गेले. आठ. बरोबर आठ! तिच्या जिवात जीव आला. यल्लव्वाला चष्मा लागलाय, दुसरं काय, असं मनात म्हणत तिने दुसरा फेरा सुरू केला.

सातव्या हातावर घास ठेवला, आठव्यावर ठेवायला गेली आणि थांबली. अंगठा उलट्या बाजूला होता.

तिने मान वर केली. आश्लेषा, कावेरीअक्काची मुलगी, दोन्ही हात पसरून बसली होती. वजन उतरवायचं म्हणून दोन महिने भाताकडे ढुंकून न बघणारी ही पोरगी तीन शनिवार दोघींच्या वाटचा भात जेवत होती. गोलात मैत्रेयी नव्हती.

"कुठंय ती?"

राजस मिशीवरून बोट फिरवायला लागला. शेवटी सहा वर्षांचा विराट म्हणाला, "ताई ट्रेनमध्ये बसायला जाते. गप्प बसायला."

सुखदाने पातेलं कावेरीअक्कापुढे सरकवलं. असं इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. तशीच, आमटीच्या हाताने, ती जिना उतरली. नवऱ्याने, नागराजने, कुठं म्हणून विचारलं, तोवर ती गेटबाहेर पडली होती. रस्त्यावर येईपर्यंत तिला राग होता. स्टेशनपर्यंत पोचली तेव्हा नुसती भीती उरली होती. पोरीनं कुणाबरोबर काही ठरवलं असलं तर? आणि मला तीन आठवडे पत्ता नाही, मला?

यल्लव्वाने तिचा हात बघितला आणि शहाण्या बाईने नुसतं स्टूल पुढे केलं. सुखदा बसली नाही.

पाऊण तासाने मैत्रेयी सरकत्या जिन्यावरून खाली आली. एकटीच होती. तिचं लक्ष नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर कसली घाई नव्हती, कुणाला ओ द्यायची तयारी नव्हती. हा चेहरा सुखदाने घरात कधी बघितला नव्हता, आणि ते तिला फार लागलं.

"आई!"

"कुठं गेली होतीस?"

"जयनगरपर्यंत. तिथं उतरते, समोरच्या गाडीत बसून परत येते."

"कुणाला भेटायला?"

"कुणालाच नाही."

"गर्दी असते की गं शनिवारची. त्यात काय गप्प बसणं?"

"असते. पण कुणी हाक मारत नाही." मैत्रेयीने पिशवीचा पट्टा पिळला. "शनिवारी साडेसहालाच तेवढा आपला जिना रिकामा असतो, आई. एरवी गेटपर्यंत जायचं तर पाच जण विचारतात, कुठं चाललीस."

"तुला त्रास कोण देतं का घरात?"

"कुणीच नाही. म्हणून तर सांगता येत नव्हतं."

सुखदाला बोलायचं खूप होतं. लाज नाही वाटली, सगळ्यांना खोटं वागायला लावलंस, काही बरंवाईट झालं असतं तर. त्यातलं तिच्या तोंडून एवढंच आलं, "मला तरी कळू द्यायचं होतंस."

"पहिल्या शनिवारी मला वाटलं तुला कळलंच असणार. मी भीत भीत घरी आले. तू भांडी घासत होतीस." मैत्रेयी खाली बघत होती. "तू कावेरीअक्काला सांगत होतीस, आज मैत्रेयीनं दोन घास जास्तच खाल्ले."

सुखदाने आपला हात बघितला. बोटांवर भात वाळून कडक झाला होता. मैत्रेयीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आईचा हात धरून त्याच्यावर पाणी ओतलं आणि एकेक शीत चोळून काढलं. केवढा मोठा झाला होता तिचा हात! मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडला होता. तो कधी पडला, सुखदाला ठाऊक नव्हतं.

दोघी घराकडे निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी गच्चीवरचा गलका ऐकू यायला लागला, तशी मैत्रेयीची चाल मंदावली. सुखदाही थांबली.

"पुढच्या शनिवारी जाणार?"

मैत्रेयीने वर गच्चीकडे बघितलं.

"जा. पण आश्लेषाचा दुसरा हात मधे आणू नकोस," सुखदा म्हणाली. "सातच असू देत. तू नाहीस, हे मला दिसू दे."