मिशीला वस्तरा

सासूबाईंचे हात खाटेला बांधलेले बघून माझं डोकंच फिरलं. खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा होत आला होता. विसर तर त्यांना दोन वर्षांपासून पडायचा, पण घरी गारखेड्याला माणसं ओळखायच्या. दवाखान्यात आल्यावर एकदम भ्रम झाला. डॉक्टर म्हणाले, "आधीच विसर पडत असला की या वयात असं होतं. उतरेल कदाचित. घरचं माणूस जवळ ठेवा."

घरचं माणूस म्हणजे आमचे हे, त्यांचा एकुलता एक बन्सी. साठीचा बाप्या दिवसभर उशाशी बसून एकच धोशा लावायचा, "माय, मी कोण? सांग की." तिनं एकदा 'बन्स्या' म्हणावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. आणि माय खाटेवरून खाली उतरायला धडपडायची. खुबा पुन्हा मोडेल म्हणून सिस्टरनं हात बांधले.

"सोडा आधी," मी म्हणाले. "गुरंढोरं हायेत का त्या?"

हे तेव्हा खाली चहाला गेले होते. हात सुटल्यावर सासूबाई गप पडून राहिल्या, माझ्या हातनं चार घास खिचडीही खाल्ली. मग हे दारात दिसले आणि त्या खाटेची कड धरून उठू लागल्या.

"आत्याबाई, काय झालं?"

"अगं, मामंजी आलेत," त्या कुजबुजल्या. "त्यांच्याम्होरं खाटेवर बसू व्हय मी?"

मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, यांचे आजोबा. गावाकडं पाचोडच्या जुन्या घरात त्यांचा फोटो आहे. तीच पांढरी, झुपकेदार मिशी यांनाही. बिचारी मोडक्या खुब्यानं सासऱ्याचा मान राखत होती, आणि आम्ही तिला बांधून घातलं होतं. मला रडूच फुटलं.

"अहो, तुम्ही बाहेर बसा. तुम्हाला बघितलं की त्या उतरायला बघतात."

"पोरगा हाये मी तिचा," हे म्हणाले. पण गेले. दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते मिशी सफाचट करून. आमच्यात आईबाप गेल्याशिवाय कुणी मिशीला वस्तरा लावत नाही.

"माय जिती असताना? अक्कल गहाण ठेवली का तुम्ही?"

"वळखल तरी," हे म्हणाले, आणि खाटेजवळ जाऊन उभे राहिले.

सासूबाईंनी बराच वेळ बघितलं. उठल्या नाहीत. हात वर करून यांचा उघडा ओठ चाचपला.

"बन्स्या," त्या म्हणाल्या. "मिशी काढली? कोण गेलं रं?"

गुडघे टेकून यांनी तिच्या कुशीत डोकं घातलं आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडू नगं, लेकरा. मी हाये की अजून."