तलवार आपली, हात दुसऱ्याचा

माल्सुनबाईंनी शनिवारी सकाळी, गिऱ्हाइकाच्या पँटला इस्त्री करता करता, एका बासरीवालीचा उजवा हात खांद्यापासून उडवला.

रक्त कुठे सांडलं नाही, कारण हे सगळं फोनवर चाललं होतं. कोरियातल्या जॉन्जू शहरातल्या त्यांच्या लाँड्रीत दिवसभर नुसती वाफ आणि तक्रारी. म्हणून दोन महिन्यांपूर्वी भाची सोल्बीनं त्यांना ‘धुक्याची खिंड’ नावाच्या गटात नेऊन बसवलं. तिथे चाळीस जण मिळून एक गोष्ट लिहीत. प्रत्येकाचं एक पात्र, आणि जो तो आपापल्या पात्रापुरतं लिहिणार. माल्सुनबाई झाल्या सेनापती मुगांग. चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांचा हुकूम ऐकत होतं, त्यामुळे बाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

हात उडाला. मग गट चालवणाऱ्याचा, टोपणनाव कोबी, खासगी निरोप आला: “सेनापतिसाहेब, तिसरा नियम मोडलात. संध्याकाळी सहापर्यंत शेंगदाण्याशी मिटवा. नाहीतर नाइलाजानं तुम्हाला काढावं लागेल.”

शेंगदाणा म्हणजे बासरीवाली युन्सलचं पात्र लिहिणारी व्यक्ती. बाई की बुवा, कोणालाच ठाऊक नव्हतं. असं विचारणंही तिथे वाईट दिसे.

दुपारी सोल्बी किंबापचा डबा घेऊन तरातरा आत आली.

“मावशी, काय करून बसलीस हे!”

“अगं, लढाई होती! लढाईत काय फुलं वाहायची?”

“वार तू करायचास. लागला की हुकला, ते ज्याचं पात्र त्यानं लिहायचं. शेंगदाण्यानं तीन वर्षं जपलंय त्या युन्सलला, आणि तू एका ओळीत हात तोडून मोकळी!”

माल्सुनबाईंची इस्त्री थांबली. “म्हणजे गिऱ्हाइकाला न विचारता पँट आखूड केली म्हण की.”

“तीही मांडीपर्यंत.”

आता बाई खरंच घाबरल्या. त्या गटाबाहेर त्यांना कोण विचारत होतं? घाईघाईनं त्यांनी लिहिलं: ‘सेनापती मुगांग घोड्यावरून उतरला, चिखलात गुडघे टेकून म्हणाला, क्षमा असावी.’ वाचून त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले.

शेंगदाण्याचं उत्तर कंसात आलं: (माफी सेनापती मागतोय, की तुम्ही?)

“हे आणि काय नवीन?”

“कंसाबाहेर पात्र बोलतं, कंसात आपण. तू त्या बिचाऱ्या सेनापतीला पुढे केलंस आणि स्वतः लपलीस त्याच्यामागे.”

हे मात्र झोंबलं. बाईंनी दुकानाच्या दारावर ‘बंद’ची पाटी लावली, चष्मा पुसला आणि एका बोटानं टंकायला बसल्या.

(मी मागते. तोऱ्यात होते, युन्सल माझी नाही हे विसरले. ती ओळ पुसते. मला इथून जायचं नाहीये.)

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. सकाळची ओळ पुसून नवी लिहिली: ‘मुगांगची तलवार युन्सलच्या उजव्या खांद्याच्या दिशेनं खाली आली.’ आणि तिथेच थांबल्या.

थांबणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एकाच बाहीला चारदा इस्त्री केली. “अगं, काहीतरी लिहा म्हणावं!”

“मावशी, घाई करणंही उद्धटपणाच.”

“तुमच्यापेक्षा माझी सासू बरी होती.”

सहाला दहा मिनिटं असताना फोन वाजला. सोल्बीनं मोठ्यानं वाचलं: ‘युन्सल हलली नाही. तिचा उजवा हात बासरीसकट चिखलात पडला.’

“गेला?” माल्सुनबाई ओरडल्या. “म्हणजे पुन्हा मीच तोडला?”

“थांब, खाली कंस आहे.”

(तिचा हात जावा, असं मला वर्षभर वाटतंय. एकट्या डाव्या हातानं बासरी वाजवायला शिकवायचंय तिला आता. नुसतं विचारलं असतंत, तर सकाळीच दिला असता.)