चिंध्या आणि शिंपले

तुत्तुकुडीच्या बंदरात गाळ उपसायचं काम सुरू झालं आणि आमच्या शेडच्या नळाला तांबूस पाणी यायला लागलं. तोवर आम्हाला पाण्याची चिंता कधी नव्हती. पंप समुद्रातून पाणी ओढायचा, ते टाक्यांतून फिरून परत समुद्रात जायचं. माझी नणंद अमलोर्पवम, जिला सगळी गल्ली पावम अक्का म्हणते, आणि मी, अशा दोघी मिळून क्लाऊनफिश या शोभेच्या माशांची पिल्लं वाढवायचो नि चेन्नईच्या व्यापाऱ्याला विकायचो. अक्काने लग्न केलं नाही. उमेदीची सगळी वर्षं तिने कोळंबीची पिल्लं तयार करणाऱ्या एका हॅचरीत घालवली, आणि तिथून सुटल्यावर माशांची शेड काढली.

गढूळ पाण्यात पिल्लं तोंड वासून वर यायला लागली. आमची अंडी देणारी जोडी तर खाणंच सोडून बसली. मी रडकुंडीला आले. अक्काने नळ घट्ट बंद केला.

"आता हेच पाणी फिरवायचं," ती म्हणाली. "वरच्या टाक्यांचं पाणी खाली एका टाकीत उतरवायचं, तिथे ते गाळायचं, मुरवायचं, आणि पंपाने परत वर पाठवायचं. थोडं स्वच्छ खारं पाणी टँकरने आणू, तेवढं पुरतं."

या खालच्या टाकीला धंद्यातले लोक सम्प म्हणतात. चेन्नईचा व्यापारी पळनिवेल आमची पिल्लंही घ्यायचा आणि असलं सामानही विकायचा. फोनवर त्याने परदेशी गोळे, सच्छिद्र विटा, कसल्या कसल्या नळकांड्या अशी यादी सांगितली. किंमत ऐकून मी फोन अक्काच्या हातात दिला.

"तंबी," ती त्याला म्हणाली, "तुझ्या त्या गोळ्यांत नक्की काय असतं?"

"जागा असते, अक्का. भोकंच भोकं. पाण्यातली घाण खाणारे जिवाणू त्यात घर करतात."

"म्हणजे मला घरं हवीत. गोळेच हवेत असं नाही."

"अक्का, स्वस्तात करायला जाल आणि मासे गमवाल."

"मासे माझे आहेत, मी बघते. तू फक्त नारळाच्या करवंटीचा तो चांगला कोळसा पाठव. पाण्याचा पिवळेपणा ओढतो तो. त्यात मी हात आखडणार नाही, चुलीतला कोळसा त्या जागी चालत नाही."

फोन ठेवला आणि ती लगेच चप्पल घालून निघाली. मीही मागे.

आधी जाळ्यांच्या दुकानात. नवी जाळी कापताना जे तुकडे उरतात ते दुकानदार कोपऱ्यात पोत्यात भरून ठेवतो. अक्काने पोतं जमिनीवर उपडं केलं नि निवडायला बसली. हिरवं, निळं, काळं सगळं बाजूला. फक्त पांढरं नायलॉन घेतलं.

"रंगात काय वाईट आहे?" मी विचारलं.

"काही जाळ्यांना शेवाळ धरू नये म्हणून औषध लावतात. आपल्याला तर जिवाणू धरायला हवेत. आणि शिशाची गुंडी दिसली तर तो तुकडा टाक. खाऱ्या पाण्यात धातू नको."

तिथून शंख कापणाऱ्यांच्या गल्लीत. बांगड्या कापून उरलेली शंखांची टोकं, मोडके शिंपले, ढीगच्या ढीग पडलेले असतात. ते आम्ही घरी आणून उकळले, घासले, गच्चीवर उन्हात पसरले. शेजारची सेल्वम काकू कठड्यावरून ओरडली, "पावम, मासे विकून विकून आता चटणी शिंपल्यांची करणार का?"

"ये जेवायला, वाढते तुला!" अक्का म्हणाली.

राहिला कापूस. पाणी खाली उतरतं तिथे सगळ्यात आधी उशीत भरतात तसला पॉलिस्टरचा कापूस लागतो, मोठी घाण अडवायला. बाजारातून मी एक पांढराशुभ्र गठ्ठा आणला, मऊ, बघूनच आवडला. अक्काने त्यातला एक तुकडा समुद्राच्या पाण्याच्या बादलीत टाकला आणि पिल्लांच्या खाद्यासाठी ठेवलेले कोळंबीसारखे बारीक जीव त्यात सोडले. दुसऱ्या दिवशी बादलीवर साबणासारखा फेस होता आणि जीव तळाला पडलेले.

"याला आगीचं नाहीतर कसलं तरी औषध मारलंय," ती म्हणाली. "ह्याच्या उश्या कर. आपण गाद्यावाल्याकडून कोरा घेऊ." गाद्यावाल्याचा कापूस मळकट दिसत होता, पण त्याच्या बादलीत जीव सकाळीसुद्धा वळवळत होते.

आता सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात माझा नवरा सिरिल दोन पोती घेऊन आला. तो ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो, बंदरातला प्रत्येक माणूस त्याच्या ओळखीचा. पोती त्याने शेडच्या दारात धपकन टाकली. आत प्रवाळाचे तुकडे होते, पांढरे, भोकाभोकांचे.

"घे अक्का. ह्याहून चांगली घरं जिवाणूंना कुठे मिळणार? आणि फुकट."

अक्काने एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. "कुठून?"

"अंतोनीने दिले. बेटाजवळ पडलेलेच असतात."

"पडलेले, की पाडलेले?"

सिरिल पोत्याची दोरी बोटाला गुंडाळायला लागला.

"परत ने."

"अगं, मेलेलं आहे ते! आता परत नेऊन काय जिवंत होणार आहे? कोण बघतंय?"

मला सिरिलचं पटत होतं, तसं मी बोलूनही दाखवलं. प्रवाळ काढायला बंदी आहे हे माहीत होतं, पण पोती दारात येऊन पडली होती, आणि आमची जोडी उपाशी होती.

अक्का उंबऱ्यावर बसली. तिचा आवाज चढला नाही. "सिरिल, तू लहान होतास. अप्पा होडी भरून हेच आणायचे. चुन्याच्या भट्टीवाले रांग लावायचे. ह्या घराच्या भिंतींचा चुना तोच आहे. माझं शिक्षण झालं तेही त्यावर. अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. प्रवाळ गेलं, लाटा अडवायला काही उरलं नाही; ज्या बेटावर ते डबा खायला बसायचे, ते आता अर्धं पाण्याखाली आहे. तुला कुणी सांगितलं नाही असं तू म्हणू शकतोस का?"

सिरिल न जेवताच बाहेर गेला. दुपारी अंतोनीची होडी निघाली तेव्हा मात्र पोती होडीत होती, आणि सिरिलही. आणि वयाची साठी ओलांडलेली अक्का पदर खोचून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसली. "तू नेऊन टाकलेस की नाही ते मला बघायचंय," असं म्हणाली, पण सिरिल सांगतो, की तिथे पोचल्यावर तिने त्याला हात लावू दिला नाही. एक एक तुकडा स्वतःच पाण्यात सोडला. संध्याकाळी दोघं ओलेचिंब परतले आणि एकाच ताटात भात नि माशाचं कालवण जेवले.

मग आम्ही टाकी लावली. वर कापूस, त्याखाली शिंपले, मग जाळ्यांच्या चिंध्यांचे गच्च बोळे, शेवटी कोळसा, मग पंप. अक्काने त्यात कोळंबीचा एक तुकडा कुजायला टाकला, जिवाणूंना खायला. हॅचरीतल्या तिच्या जुन्या मैत्रिणीने चालत्या टाकीतले थोडे शिंपले दिले, तेही घातले, विरजण लावतात तसं. पाणी चारच दिवसांत काचेसारखं झालं आणि मी पिल्लं सोडायला उठले.

"स्वच्छ दिसतंय म्हणजे स्वच्छ झालं असं नाही," अक्का म्हणाली. तिने नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. गडद हिरवं झालं. "बघ, अमोनिया. थांब."

थांबलो. तोवर मासे टँकरच्या पाण्यावर, रोज बादल्या बदलून जगवले. माझी कंबर धरली. शेवटी एका सकाळी नळीतलं पाणी पिवळं ते पिवळंच राहिलं, म्हणजे अमोनिया संपला होता; दुसऱ्या दिवशीही तसंच. अक्काने आधी थोडी पिल्लं सोडली, मग बाकीची, सगळ्यात शेवटी जोडी.

पळनिवेल माल न्यायला आला तेव्हा त्याने खालच्या टाकीत डोकावलं आणि हसायला लागला. "अक्का, ही टाकी आहे की कचऱ्याची कुंडी?"

"कुंडी म्हण. वर बघ."

वर पिल्लं झुंबड करून काचेला लागली होती, केशरी, गुटगुटीत. त्याने स्वतःच्या पिशवीतून स्वतःची नळी काढून पाणी तपासलं, एकदा नव्हे, दोनदा. मग खाली बसून एक बोळा हातात घेतला. "ह्या चिंध्या कुठल्या दुकानातल्या?"

"सांगेन. पण ते बोळे कधी नळाच्या गोड्या पाण्याने धुवायचे नाहीत, नाहीतर सगळे जिवाणू मरतील. आणि कापूस मात्र दर दोन दिवसांनी बदलायचा, आळस नको. जमेल?"

"जमेल."

"मग चहा घे, सांगते."

त्याने सगळी पिल्लं नेली. शेड रिकामी वाटायला लागली. जोडी अजून दोनच दाणे खायची आणि कौलाच्या तुकड्याआड जाऊन बसायची. मी काही विचारलं की अक्का म्हणायची, "तिला घाई करू नकोस, तिलाही घर नवीन आहे."

पुढच्या महिन्यात एक दिवस सिरिल कामावर निघता निघता शेडमध्ये डोकावला आणि तिथूनच ओरडला. आम्ही धावलो. कौलावर केशरी अंड्यांचा ठिपक्याठिपक्यांचा पट्टा चिकटला होता आणि नर त्याच्यापुढे उभा राहून पंख हलवत होता, क्षणभरही न थांबता.

"अक्का, बाप वारा घालतोय बघ!"

"वारा नव्हे, पाणी," ती म्हणाली, पण तिचा हात काचेवर होता आणि तो तिने बराच वेळ काढला नाही.