आधी वहिनीच्या डब्या

बाळ रांगायला लागलं तशी घरातली प्रत्येक वायर त्याच्या तोंडात जाऊ लागली. शेवटी आईने वायरींनाच रजा दिली. गळ्यात अडकवायच्या तिच्या छोट्या कीबोर्डला एक बोटभर बिनतारी डबी, शेजारच्या खोलीतल्या आवाज काढणाऱ्या यंत्राला दुसरी. चालू केल्या की दोघी एकमेकींना शोधायच्या, त्यांचे दिवे लुकलुकायचे थांबायचे आणि इथे दाबलेला सूर तिथे वाजायचा. बाळाच्या मागे घरभर फिरत, दूध उतू जातंय का बघत, तिने बासरीच्या आवाजातली एक धून बसवली होती.

आज बाळंतपणानंतरचा पहिला कार्यक्रम. वाद्यवृंद घरचाच: नणंद गाणारी, धाकटा दीर इलेक्ट्रॉनिक ड्रमवर. इतकी वर्षं आई कोपऱ्यात, वायरीच्या दाव्याला बांधलेली असायची. आज मात्र ती धून वाजवत मंचाच्या पुढच्या कडेपर्यंत चालत जायचं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. नणंदेची अट एकच: जरा जरी गडबड झाली, तर मुकाट्याने कोपरा आणि वायर.

तालमीला आईने पहिला सूर दाबला आणि धाडकन ढोल वाजला. तिने चटका बसावा तसा हात मागे घेतला. दिराने ड्रमवर काठी मारली, तर गोड बासरी. तो क्षणभर थबकला, मग हौसेने बडवतच सुटला. बासरीला उचक्या लागल्या.

"वहिनी, राहू द्या असंच," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यापेक्षा बरं बडवताय."

नणंद हसली नाही. लोक दाराशी ताटकळलेत, एवढंच सांगून तिने वायरीचं वेटोळं पुढे केलं.

पण आईचा हात काही वायरीकडे जाईना. तिच्या डोक्यात आता उजेड पडत होता. वहिनीचं बघून दिरानेही ड्रमसाठी तसल्याच दोन डब्या आणल्या होत्या, आणि चारही तिच्या नवऱ्याने मघाशी, मदत म्हणून, एका दमात चालू केल्या होत्या. घरी दोघीच असायच्या, चूक होणार कशी? इथे जिला जी आधी सापडली तिचा तिने हात धरला. एकाच मांडवात दोन लग्नं आणि घाईत नवरे बदललेले.

तिने चारही डब्या बंद करायला लावल्या. दिराचा हात सवयीने आपल्या डबीकडे गेला.

"थांबा भावजी," ती म्हणाली. "आधी मी."

घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर बसणारी ती; स्वतःचा आवाज तिला नवाच वाटला. तिचे दोन दिवे लुकलुकले, लुकलुकले आणि स्थिर झाले. मगच दिराचे लागले.

तिने सूर दाबला. बासरी. बोटं शहाणी होती. वाजवत ती मंचाच्या कडेशी गेली, तिथेही थांबवेना म्हणून पायऱ्या उतरून रिकाम्या खुर्च्यांमधून पार शेवटच्या रांगेपर्यंत गेली. तिथे नवरा बाळाला कडेवर घेऊन उभा होता. एकही सूर गळला नाही. बाळ तिच्याकडे झेपावलं, तशी ती हसत, वाजवतच मागे फिरली.

नणंदेने तोवर वायर गुंडाळून पेटीत टाकली होती. ती ध्वनिवाल्याकडे वळली.

"माझा माइक जरा कडेला घ्या," ती म्हणाली. "मधे हिला जागा लागणार आहे."