संगीतकाराची सही

"इथे... हां, इथे. धरा पेन," म्हणत काकूंनी नवऱ्याच्या बोटांत पेन अडकवलं आणि वरून स्वतःचा हात ठेवला.

"थांबा काकू," परवानगीताई म्हणाल्या. "आधी त्यांना ऐकवते."

ताईंचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. चित्रपटात वापरायच्या प्रत्येक गाण्याचा मालक शोधायचा आणि त्याची लेखी परवानगी आणायची, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. या वेळचा माहितीपट एका बंद पडलेल्या काचकारखान्यावर होता. त्यात एक म्हातारी कामगार बाई रिकाम्या भट्टीपुढे झाडू मारता मारता जुनं गाणं गुणगुणते. रेकॉर्ड वापरलेली नव्हती, म्हणून रेकॉर्ड कंपनीचा प्रश्न नव्हता. पण शब्द आणि चाल या काकांची होती आणि त्यांचे हक्क त्यांनी कधी कुणाला दिले नव्हते. त्यांच्या होकाराशिवाय ते गाणं ठेवता येत नव्हतं.

ताईंनी मोबाइल काकांच्या कानाशी धरला. काका डोळे मिटून ऐकत राहिले.

"गोड आहे. कुणाची चाल?"

"तुमचीच, काका."

"छे! माझी असती तर मला आठवली नसती का?"

काकू कसनुशा हसल्या. ताईंना दाराशी नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षं असंच चाललंय. मलासुद्धा कधी कधी 'आपण कोण?' म्हणून विचारतात. पण सही येते हो त्यांना. मी हात धरते. जन्मभर गाणी केली, नाव झालं ते गाणाऱ्यांचं. एकदा तरी पडद्यावर यांचं येऊ दे."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी ताईंनी अशी एक सही घेतली होती. आजारी कवयित्रीने दवाखान्याचा कागद समजून सही केली आणि वर म्हणाली, "बाळा, इंजेक्शन मात्र नको हं." कागद बिनचूक होता. तो आवाज मात्र ताईंच्या कानांतून कधी गेला नाही.

त्यांनी सहीविना कागद पिशवीत ठेवला. "काकू, कशावर सही करतोय हेच त्यांना कळत नाहीये. मी नाही घेऊ शकत."

"मग माझी घ्या."

"कोर्टाने तुम्हाला त्यांचं पालक नेमलं तर घेता येईल. अर्ज मी भरून देते."

"तोवर चित्रपट थांबेल?"

ताईंनी पिशवी खांद्याला अडकवली.

ऑफिसात दिग्दर्शक भडकला. "गाणं काढलं तर त्या प्रसंगात उरतं काय? अहो, त्या माणसाला काही आठवत नाही. घेतली असती सही, तर कोण विचारणार होतं?"

"कोणीच नाही," ताई म्हणाल्या. "म्हणून तर नाही घेतली."

माहितीपट ज्या महोत्सवात दाखवायचा होता तो आठ दिवसांवर होता. शेवटी गाण्याचा आवाज काढून टाकला. पडद्यावर बाईचे ओठ हलत राहिले आणि ऐकू आली ती नुसती झाडूची खरखर. पुढच्या चित्रपटाचं काम दिग्दर्शकाने दुसऱ्याच कुणाकडे दिलं.

अर्ज मात्र ताईंनी भरून दिला. सात महिन्यांनी कोर्टाचा हुकूम निघाला, तेव्हा काकूंनी त्यांना घरी बोलावलं.

"आता माझी सही चालते म्हणे," कागद पुढे करत काकू म्हणाल्या. "पण मागायला कोण येतंय!"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ताईंना ते जास्त लागलं.

खिडकीशी बसलेले काका काहीतरी गुणगुणत होते. काकू एकदम थबकल्या. "अगं बाई, ही चाल तर मी कधीच ऐकली नाही! नवीन आहे. ताई, तुमच्या मोबाइलमध्ये धरून ठेवा ना. आता तर मीच हो म्हणतेय!"

ताईंनी मोबाइल काढला. मग खुर्ची ओढून त्या काकांसमोर बसल्या.

"काका, ही चाल रेकॉर्ड करू का?"

काकांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "अजून पुरी झाली नाही."

ताईंनी मोबाइल पिशवीत टाकला. काकू शेजारी येऊन टेकल्या. काकांनी खिडकीच्या कडेवर बोटांनी ठेका धरला आणि चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.