दहावी मुलाखत

"जुन्या कापडाला घडीच्या जागी पिवळी रेघ पडली आहे, आणि तिथंच ते विरायला लागलंय. काय कराल?" लॅपटॉपच्या पडद्यावरच्या सरांनी विचारलं.

एकवीस चौकोनांत एकवीस चेहरे. कुणी वहीत बघत होतं, कुणी छताकडे.

"घडी मोडायची," मागून आक्का म्हणाली. शिलाई मशीनवरून तिनं मानही वर केली नव्हती. "दर चार-सहा महिन्यांनी वेगळ्या जागी घालायची. आणि घडीच्या पोटात मऊ कापडाची गुंडाळी ठेवायची, म्हणजे चुणी बसत नाही. एवढं साधं विचारतात होय तुमच्या एम. ए.ला?"

धाकटीनं माईक सुरू केला. तिनं माईकला हात लावला की आक्का आपोआप मशीनवरचा पाय थांबवायची आणि तोंडही मिटायची. धाकटीनं तेच उत्तर जरा शुद्ध भाषेत सांगितलं.

"वा! हे पुस्तकात नाही. कुठं वाचलंत?"

"असंच, सर. ऐकून," असं म्हणून तिनं घाईघाईनं माईक बंद केला.

"ऐकून म्हणे!" आक्काचं मशीन पुन्हा सुरू झालं. "उत्तर माझं आणि शाबासकी हिला."

धाकटी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली बाई होती. पण घरात दोघीच, आणि त्यातली ती धाकटी. तेवीस वर्षं ती संग्रहालयात तिसऱ्या मजल्यावरच्या वस्त्रदालनात बसत होती. चौदा शोकेस, एक खिडकी आणि दाराजवळ एक खुर्ची. काचेला हात लावू नका, पिशव्या खाली ठेवून या, हे सांगायचं तिचं काम. पण तेवीस वर्षं एकाच खोलीत बसलं की माणूस नुसतं राखण करत नाही. कुठल्या अंगरख्याचं अस्तर नंतर बदललंय, कुठल्या टोपीवरचा मोती खोटा आहे, सगळं तिला ठाऊक. नवीन माणूस आला की क्युरेटर मॅडम त्याला सरळ तिच्याकडे पाठवत.

एकदा नोंदणी सहायकाची जागा निघणार असं कानावर आलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्याएवढं कुणालाच माहीत नाही. पण संग्रहालयशास्त्राची पदवी लागते. कागद नाही ना तुमच्याकडे."

घरी येऊन तिनं हे हसत हसत सांगितलं. आक्का हसली नाही. "कागदच ना? मग आणू की कागद. घरी बसून शिकता येतं म्हणे आता."

आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती आणि आक्का सोळाची. आक्कानं शाळेची पिशवी खुंटीला लावली आणि आईच्या मशीनवर जाऊन बसली, ती बसलीच. धाकटीला तिनं बी. ए. केलं, तिचं लग्न लावून दिलं. चार वर्षांनी ते लग्न मोडून धाकटी परत आली, तेव्हा दारातच तिच्या हातातली बॅग घेऊन आक्का एवढंच म्हणाली, "जेवली नसशील. हातपाय धू." पुन्हा कधी तो विषय तिनं काढला नाही.

तर असा तो कागद आणायला दोघींनी सुरुवात केली. मॅडमनी ऑफिसातला जुना लॅपटॉप दिला. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी सहाला वर्ग. धाकटी टेबलाशी, आक्का मागे मशीनवर. वस्तूची नोंद कशी करायची, तिची अवस्था कशी लिहायची, ओल कशी मोजायची, हे दोघींनीही ऐकलं. कपड्यांचा पेपर आला तेव्हा तर आक्कानं प्राध्यापकांच्या चुका काढल्या. "हा माणूस म्हणतो, टाका डावीकडे झुकला की शिवणारा नवखा. अगं, शिवणारा डावखुरा असेल! याला सांग कुणीतरी." धाकटीनं सांगितलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलेलं पडद्यावर दिसलं, तेव्हा आक्कानं त्या खुशीत मशीनची सुई मोडली.

दुसऱ्या वर्षी आक्काचा दम वाढला. चाळीस वर्षं कापडाचे बारीक तंतू छातीत जाऊन बसले होते. डॉक्टरांनी शिवणं बंद करायला सांगितलं, तर ही म्हणाली, "बंद केलं की काय करू? तुमच्यासारखं नाडी बघत बसू?" शेवटी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसभर घरघरायचं. वर्गात एकदा सर म्हणाले, "कुणाकडे तरी काहीतरी घरघरतंय. कृपया माईक बंद ठेवा." त्यानंतर धाकटीनं माईक बंदच ठेवला. उत्तरं टाइप करून पाठवायला लागली. आक्का नाकाला नळी लावून मागे पलंगावर पडलेली असायची, पण कान वर्गातच. मध्येच काहीतरी बोलायची. धाकटी मागे न वळता हात वर करायची, थांब म्हणून. सरांचं बोलणं सुटू नये एवढंच तिच्या मनात असायचं.

तिसऱ्या सत्रात मोठं काम आलं. दहा माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या. ज्यांच्या हातून कपडे घडले, विकले, वापरले गेले, अशी माणसं. धाकटी उत्साहानं कामाला लागली. रंगाऱ्याच्या विधवेची झाली, बटणवाल्या आजोबांची झाली, इस्त्रीवाल्याची झाली. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातल्या एका बाईनं तर दोन तास सोडलं नाही.

"माझं कधी?" आक्कानं विचारलं.

"तुझं काय, तू घरातच आहेस. लांबची माणसं आधी उरकते."

"बरं बाई. आम्ही घरचे."

नऊ झाल्या. मग एका रविवारी सकाळी धाकटी भाजी घेऊन आली, तर आक्का पलंगावर ताठ बसलेली. केस विंचरलेले, धुवट कपडे, मांडीवर आईची जुनी कात्री. "घे," ती म्हणाली. "आज दम बरा आहे. विचार काय विचारायचं ते."

धाकटीनं फोन काढला. फोनमध्ये जागाच नव्हती. आधीच्या नऊ मुलाखतींनी तो भरला होता. त्या कॉपी करायच्या तर लॅपटॉप चालू करायला हवा, आणि स्वयंपाक व्हायचा होता, उद्याचा निबंध अर्धा होता.

"आक्का, पुढच्या रविवारी नक्की."

"नक्की ना? प्रश्न मात्र सोपे विचार. सरांसारखे नको." आणि तिनं कात्री उशाशी ठेवली.

बुधवारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. पुढचा रविवार तिथंच उजाडला. आक्काच्या तोंडावर मास्क होता आणि बोलायला मनाई होती. तिनं बोटांनी हवेत कात्रीसारखं करून दाखवलं आणि डोळ्यांनी हसली. मंगळवारी दुपारी धाकटी औषधं आणायला खाली गेली. चिठ्ठी वाचायला दुकानदाराला वेळ लागला. ती वर आली तेव्हा नर्स पडदा ओढत होती.

दोन महिने धाकटी वर्गाला बसली नाही. कामावर जायची, खुर्चीत बसायची, घरी यायची. मग एका संध्याकाळी सरांचाच फोन आला. "ताई, तुमच्या नऊ मुलाखती मी ऐकल्या. फार चांगल्या आहेत. दहावी राहिलीय तेवढी पाठवा, पदवी वाया घालवू नका."

"दहावी नाही, सर." ती थांबली. मग एकदम म्हणाली, "सर, पहिल्या वर्षीची ती उत्तरं माझी नव्हती. घडीचं, डावखुऱ्या टाक्याचं... माझ्या बहिणीची होती. ती मागं बसून सांगायची. दहावी तिचीच घ्यायची होती."

"तो डावखुरा टाका," सर हळूच म्हणाले, "मी आता सगळ्या वर्गांना शिकवतो." मग म्हणाले, "ताई, आपल्या वर्गांची रेकॉर्डिंग्ज असतात पोर्टलवर. निकाल लागल्यावर काढून टाकतात. बघा, तिचा आवाज कुठं आला असेल तर."

धाकटीनं शोधायला सुरुवात केली. कामावरून आलं की चहा घेऊन लॅपटॉपपुढं बसायचं. सव्वाशेच्या वर वर्ग होते. पहिल्या वर्षीच्या वर्गांत तिनं माईक सुरू केला की मागचं मशीन थांबायचं आणि आक्का गप्प व्हायची. म्हणजे आवाज फक्त तिचा स्वतःचा. दुसऱ्या वर्षी तर माईक बंदच. पण चित्र होतं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात ती स्वतः, आणि तिच्या खांद्यामागं पलंगाचा तुकडा. त्यात आक्का दिसायची. नळी लावलेलं तोंड हलताना दिसायचं. काहीतरी सांगत असायची, कधी दोन वाक्यं, कधी बराच वेळ. आणि प्रत्येक वेळी पुढच्या बाईचा हात वर जायचा. थांब. मागं न बघता. एका वर्गात तर आक्का बोलून झाल्यावर तिच्या पाठीकडे नुसती बघत राहिली होती, आणि मग कुशीवर वळली होती. तिला काय सांगायचं होतं, ते आता पडद्याला नाक लावून बघितलं तरी कळणार नव्हतं.

चौऱ्याण्णवाव्या वर्गात तिला आवाज सापडला. त्या दिवशी धाकटीचं सादरीकरण होतं, म्हणून माईक उघडा होता. घरघर ऐकू येत होती. ती घसा साफ करत अडखळत बोलत होती, आणि मागून आवाज आला, "पाणी पी आधी. घसा बसलाय तुझा." लगेच पडद्यावरची ती म्हणाली, "सॉरी, सर. घरातला आवाज आहे." आणि न थांबता पुढं बोलत राहिली.

एवढंच. पाच सेकंद. धाकटीनं ते परत लावलं नाही. लॅपटॉप बंद न करताच ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर भाजीवाले गाड्या आवरायला लागले होते. गाड्या निघून गेल्या, रस्ता रिकामा झाला, तरी ती तिथंच होती.

तिनं ते पाच सेकंद दहावी मुलाखत म्हणून जोडले. मुलाखतीच्या नोंदपत्रावर लिहिलं: व्यवसाय, शिवणकाम, चाळीस वर्षं. विचारलेले प्रश्न: एकही नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई होत्या. चष्मा खाली ओढून त्यांनी विचारलं, "मुलाखत किमान वीस मिनिटांची हवी. ही पाच सेकंदांची आहे?"

"हो, बाई. बाकीची घ्यायची राहिली. चूक माझी आहे."

"मग जोडलीत कशाला? नऊवरसुद्धा उत्तीर्ण झाला असतात तुम्ही."

"आम्हाला शिकवलंय, बाई, की वस्तू हरवली तरी नोंदवहीतली तिची ओळ खोडायची नाही. हरवली असं लिहायचं." तिचा आवाज स्थिर होता. "म्हणून लिहिलं."

परीक्षक बाईंनी कागद उलटला. मग चष्मा पुसला, आणि पुढचा प्रश्न विचारला तो ओल मोजण्याच्या यंत्राचा.

निकाल लागला. धाकटी दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाली. नोंदणी सहायकाची जागा मात्र ती वर्गाला बसली नव्हती त्या दोन महिन्यांतच निघाली होती आणि भरली गेली होती. नव्या बाई हुशार होत्या, गोड बोलायच्या, आणि दिवसातून पाच वेळा तिसऱ्या मजल्यावर येऊन विचारायच्या, "ताई, हे काय असेल हो?" धाकटी सांगायची. क्युरेटर मॅडमना तिच्याकडे सरळ बघवेना. "शेवटच्या वर्षाला असलेल्यांचेही अर्ज घेतले होते. तुम्ही केला असतात तर..." त्या म्हणाल्या. "असू दे, मॅडम," धाकटी म्हणाली, आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला, कारण ऊन एका झग्यावर येत होतं.

पदवीचा कागद टपालानं आला त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई दार वाजवून आत आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग कसंबसं म्हणाल्या, "बरं नाही वाटत विचारायला. पण आक्कांकडे मी लेकीचा झगा शिवायला टाकला होता. आता तिचं लग्न ठरलंय. शिवून झाला नसेलच... नुसतं कापड मिळालं तरी चालेल."

आक्काच्या कपाटाला धाकटीनं हात लावला नव्हता. आज उघडलं. तिसऱ्या खणात निळ्या कापडाचं गाठोडं होतं, वर आक्काच्या अक्षरात मापांची चिठ्ठी. झगा अर्धा झाला होता. एक बाही जोडलेली, दुसरी नुसती टाचलेली. घेराची दुमड घालून सगळीकडून टाचण्या लावलेल्या, सारख्या अंतरावर, बोटभर बोटभर. आक्कानं हातात धरलेलं शेवटचं काम.

धाकटीनं तो टेबलावर पसरला. आधी तो उलटा केला, सुलटा केला. एका टाचणीवर तिनं बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. शेजारीणबाई दारापाशी अवघडून उभ्या होत्या. "तुम्हाला ठेवायचा असेल तर राहू द्या हो. मी दुसरं कापड घेईन."

धाकटीनं मान हलवली. "नको. लेकीच्या लग्नाचा आहे तो."

तिनं झग्याला घडी घातली नाही. तो तसाच उचलून शेजारीणबाईंच्या दोन्ही हातांवर आडवा ठेवला. "टाचण्या काढू नका," ती म्हणाली. "शिंप्याला सांगा, जिथं लावल्यात तिथूनच टीप मारायची. मापं बरोबर आहेत. पुन्हा मोजायची गरज नाही."

"सांगते," त्या म्हणाल्या.

जिन्यात उजेड कमी होता. धाकटीनं बाहेर येऊन दिवा लावला आणि दारात उभी राहिली. शेजारीणबाई झगा अंगापासून लांब धरून, एकेक पायरी बघत, सावकाश वर चढत होत्या.