आभाळाच्या लिफ्टचा पाया

आमच्या गावावरून विषुववृत्त जातं. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, दुपारी बाराच्या थोडं आधी माणसाची सावली त्याच्याच पायाखाली गडप होते. ते बघायला मी दर वेळी पाचवीच्या मुलांना शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत नेते. त्या सप्टेंबरातही नेलं. तेवीस मुलं आपापल्या पायांकडे बघत उभी होती आणि माझ्या डोक्यात आलं, आज यांना आभाळाच्या लिफ्टची गोष्ट सांगावी. कारण ती लिफ्ट कधी झालीच, तर आमच्यासारख्या विषुववृत्तावरच्या जागीच होईल.

आधी मी दोरीला दगड बांधून गरागरा फिरवला. "दोरी ताठ का राहिली?"

"दगड पळायला बघतोय," फाद्ली म्हणाला. हा वर्गातला सगळ्यांत वाचाळ मुलगा.

"बरोबर. दगड बाहेर पळतो, दोरी त्याला धरून ठेवते." मग मी एक मोठं पपनस घेतलं, त्याच्या बरोबर मध्यावर टाचणीने दोरा अडकवला आणि दोऱ्याचं दुसरं टोक दायांगच्या हातात दिलं. दायांग दहा वर्षांची, बारीक चणीची, फार विचार करून बोलणारी. "मी पपनस फिरवते. तू माझ्याबरोबर अशी चाल की दोरा त्याला गुंडाळला जाणार नाही."

दोन फेऱ्या चुकल्या. तिसरीला तिची चाल जमली. पपनस फिरत होतं, दायांग त्याच्याभोवती फिरत होती आणि दोरा जिथल्या तिथे सरळ.

"पपनस म्हणजे पृथ्वी. दायांग म्हणजे खूप उंचावरचं एक स्टेशन. पृथ्वी एक फेरी घेते तेवढ्यात तेही एक फेरी घेतं, म्हणून आपल्याला ते डोक्यावर एकाच जागी दिसणार. तिथून खाली दोर सोडायचा, आणि वरच्या बाजूलाही त्याहून लांब दोर काढून टोकाला वजन बांधायचं. दगडासारखं ते वजन बाहेर ओढेल, दोर ताठ राहील आणि लिफ्ट त्यावरून चढत जाईल."

"किती उंच, बू?" एकाने विचारलं. आमच्याकडे शाळेतल्या बाईंना बू म्हणतात.

"स्टेशनपर्यंत छत्तीस हजार किलोमीटर. ताशी दोनशेच्या वेगाने गेलं तरी आठवडा लागेल."

"आठवडाभर लिफ्टमध्ये!" फाद्ली ओरडला. "मग शू कुठे करायची?"

सगळे खिदळले. दायांग हसली नाही. दोरा बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "बू, खालचं टोक कशाला बांधणार?"

"जमिनीत भक्कम पाया घालून."

"मग पायाच्या खड्ड्यात डोकं कुणाचं घालणार?"

 पूल बांधायचा म्हटलं की खांबाखाली पुरायला डोकं लागतं, आणि ते गोळा करणारा माणूस पोतं घेऊन फिरत असतो, हे आमच्याकडे प्रत्येक आई सांगते. माझीही सांगायची. दिवेलागणीला आम्ही घरात यावं म्हणून. मी ते केव्हाच हसण्यावारी नेलं होतं, तसंच त्या दिवशीही नेलं.

"एवढ्या उंच दोराला एक डोकं कुठलं पुरतंय? अख्खी पाचवी लागेल!"

तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं पळाली. इतका मजबूत दोर अजून जगात कुणालाच बनवता आलेला नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात चौदा मुलं होती. तापाची साथ असेल असं वाटलं. घरी जाऊन चौकशी करावी म्हणून मी न आलेल्या नऊ जणांची नावं कागदावर लिहून घेतली आणि शाळा सुटल्यावर निघाले. पहिल्या घरी दार लागलेलं होतं, आत मात्र कुजबुज. दुसऱ्या घरी आजी दारातच आडवी उभी राहिली. "पोरगा मामाकडे गेलाय," ती म्हणाली, आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. सालमियाचं घर कापुआस नदीकडे होतं. ती दायांगची आई, रबराच्या झाडांचा चीक काढायला जायची. दायांग खिडकीत होती. मी हात केला तशी ती खाली बसली.

परत येताना, सगळं गाव जिला माक उसू, म्हणजे धाकटी मावशी, म्हणतं त्या जमिलाच्या दुकानात मीठ घ्यायला थांबले. चार बायका बोलत होत्या, मला बघून त्यांची तोंडं मिटली.

"बू गुरू," माक उसूने मीठ बांधता बांधता विचारलं, "शहरातल्या साहेबांनी तुम्हाला किती डोकी सांगितलीयत?"

मी हसले. एकटीच हसले.

"अगं माक उसू, पोरांची थट्टा केली मी!"

"थट्टा कशी? नदीवर खुंट्या ठोकायला माणूसही आलाय की. लाल टोकाच्या खुंट्या. एक तर सालमियाच्या दारात."

मी नदीवर जाऊन पाहिलं. खरंच, काठाने खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येकीचं टोक ओल्या लाल रंगाचं. भाड्याच्या होडीतून आलेला एक तरुण काठावर तीन पायांच्या यंत्रातून बघत होता. त्याचं नाव तेगुह. नदीने काठ किती खाल्लाय ते मोजायला कचेरीने त्याला पाठवलं होतं. काठाला भिंत बांधता येईल का ते बघायला. मी त्याला म्हटलं, "दोन दिवस काम थांबवा. गावात काहीबाही बोलतायत."

"बू, आठवड्यात नकाशा द्यायचाय," तो म्हणाला. "आणि मी काय कुणाचं खातोय?"

मी जास्त जोर धरला नाही. उगाच बाऊ कशाला, असं वाटलं. घरी मात्र जेवण गेलं नाही. माझ्याकडे बघणारे ते डोळे आठवत राहिले.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, वर्गात चार मुलं आली. दहाच्या सुमाराला मशिदीचा नगारा वाजायला लागला. नमाजाची वेळ नव्हती. असा अवेळी तो आग लागली किंवा कुणी बुडालं तरच वाजतो. मुलांना मुख्याध्यापकांकडे सोपवून मी धावले.

दायांग सकाळपासून सापडत नव्हती.

धक्क्यावर चाळीसेक माणसं होती, बहुतेकांच्या हातात कोयते. मधे तेगुह गुडघ्यांवर बसलेला. भुवईवरून रक्त येऊन त्याचा एक डोळा मिटला होता. कुणीतरी त्याचं पोतं उपडं केलं. दोरी निघाली, खुंट्या निघाल्या, चाकू निघाला आणि रंगाचा डबा फुटून फळ्यांवर लाल ओघळ पसरला. बायका किंचाळल्या.

"माझी पोर कुठाय?" सालमियाने त्याचे केस धरले. "कुठे पुरलीस?"

"कुठली पोर? ताई, मला नाही माहीत, आईशप्पथ नाही माहीत..."

मी मधे घुसले. "सोडा त्याला! डोक्यांचं मी बोलले होते. वर्गात, थट्टेने. या बिचाऱ्याचा काही संबंध नाही!"

 मग मागून एक बाप्या म्हणाला, "म्हणजे ही पण त्यातलीच. काल यादी घेऊन फिरत होती."

"नऊ नावं होती यादीत," दुसरा म्हणाला. "माझ्या पोराचंही."

ही सगळी माणसं माझ्या ओळखीची होती. निम्म्यांच्या मुलांना मी अक्षर शिकवलं होतं. पण त्या वेळी माझ्याकडे वळलेल्या तोंडांत मला एकही ओळखीचं दिसेना.  

वस्तीप्रमुख पाक जुनैदी पुढे आले. म्हातारे, पण आवाज खणखणीत. "कोयते खाली करा. याला मशिदीच्या कोठीत कोंडा. आधी पोर शोधायची."

"आणि नाही सापडली तर?"

पाक जुनैदी म्हणाले, "असरच्या नमाजापर्यंत मी दारात बसतो. त्यापुढे माझं कोण ऐकणार?"

दुपारी तीनच्या असरला अजून चार तास होते. तेगुहला ओढत नेलं. माणसं रबराच्या बागांकडे पांगली. कोठीजवळून जाताना आतून आवाज आला, "बू, तुम्ही तरी सांगा ना त्यांना! सांगा ना!" मी सांगितलं होतं, आणि त्याने त्याचं नशीब आणखी बिघडलं होतं.

मी विहिरीत वाकून पाहिलं, नाल्यात काठी घालून पाहिली. काठीला काही मऊ लागलं की वाकून हाताने चाचपायचे. एक वाजता शाळेत परत आले. मुलांना घरचे केव्हाच घेऊन गेले होते. रिकाम्या वर्गात बसले तर खालून कुणीतरी खोकलं.

आमची शाळा लाकडी, खांबांवर उभी. भरती आली की नदीचं पाणी तिच्या खालून वाहतं. मी गुडघ्यांवर बसून जमिनीला डोळा लावला. दोन फळ्यांच्या फटीतून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

"दायांग!"

डोळा नाहीसा झाला. खाली पाण्यात काहीतरी खळबळलं.

मी पायऱ्या उतरून खाली शिरले. भरती चढत होती, पाणी माझ्या कमरेला लागलं. दायांग खांबांमधल्या आडव्या वाशाला दोन्ही हातापायांनी मिठी मारून बसली होती. पाणी तिच्या टाचांना टेकलं होतं. ओठ निळे पडले होते.

"ये बाळ. धर माझा हात."

मी एक पाऊल टाकलं. ती वाशावरून मागे सरकली, नदीच्या बाजूला, जिथे खाली तळ लागत नाही.

"बू, माझं नको," ती म्हणाली. दातावर दात वाजत होते. "माझं लहान आहे. फाद्लीचं घ्या. त्याचं मोठं आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ही पोर तेगुहला भिऊन लपली नव्हती. मला भिऊन लपली होती.

"मी काही घेणार नाही गं. ते खोटं होतं. मी खोटं बोलले."

आणखी एक पाऊल. ती आणखी मागे गेली आणि तिचा एक पाय वाशावरून निसटला. कशीबशी सावरली. पुढचा खांब शेवटचा होता, त्यापलीकडे कापुआस. मी जितकी जवळ जाईन तितकी तिला नदीत ढकलणार होते. आणि सोडून गेले तर पाणी चढत होतं.

"दायांग, मी जातेय. बघ, पाठ केली. आईला पाठवते. तू हलू नकोस. फक्त धरून ठेव."

पाठ फिरवून मी चालायला लागले. पळावंसं वाटत होतं, पण पळाले तर ती आणखी घाबरेल म्हणून एक एक पाऊल टाकलं. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. कान मात्र सगळे मागे. पाण्यात काही पडल्याचा आवाज येतो की काय! पायऱ्या चढले, शाळेचा कोपरा ओलांडला आणि मग जीव खाऊन धावले.

सालमिया कोठीच्या दाराशी बसली होती. "शाळेखाली आहे. जिवंत आहे. मी गेले तर येत नाही, तू चल."

ती उठली. मागोमाग कोयते घेऊन सहाजण. वाटेत मी आडवी झाले. "तुम्ही नाही. कोयता दिसला तर ती हात सोडेल."

"बाजूला व्हा, बू गुरू."

"नाही होणार. मारायचं असेल तर मला मारा, पण खाली फक्त आई जाईल."

पाक जुनैदींनी मागून हाक दिली, "थांबा रे. बरोबर बोलतायत त्या." ते थांबले. सालमिया एकटी छातीभर पाण्यात शिरली. आम्हाला काही दिसत नव्हतं, फक्त तिचा आवाज. "मी आहे गं. मीच आहे. सोड बेटा, मी धरलंय. सोड." किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ती बाहेर आली आणि दायांग तिच्या मानेला घट्ट बिलगलेली होती. कुणीतरी नगारा पुन्हा वाजवला, यावेळी हळू.

असरच्या आत तेगुहला सोडलं. भुवईला सहा टाके पडले. तो तडक होडीत बसला, यंत्रही मागे ठेवून गेला. पाक जुनैदींनी ते नंतर शहरात पोचतं केलं. खुंट्या लोकांनी उपटून चुलीत घातल्या. कचेरीने पुन्हा कुणालाही पाठवलं नाही. पुढच्या पावसाळ्यात काठ खचून दोन घरांच्या मागच्या पडव्या नदीत गेल्या. भिंत बांधली असती तर वाचल्या असत्या.

मी तेवीस घरं फिरले, या खेपेला कागद न घेता. प्रत्येक दारात तेच सांगितलं. असा दोर कुणाकडेच नाही, इथे लिफ्ट होणार नाही, कुणाचं डोकं कशालाच लागत नाही, आणि मी बोलले ते चुकले. काहींनी कॉफी दिली. काहींनी उंबऱ्यातूनच ऐकलं.

"माझ्या आईनेही मला हेच सांगून भिववलं होतं, तुम्हालाही भिववलं असेल," मी सालमियाला म्हटलं.

"आई भिववते ते वेगळं," ती म्हणाली. "बू गुरू म्हणाल्या की ते पुस्तकातलं असतं."

दायांग सतरा दिवसांनी शाळेत आली. आई बरोबर होती, आणि शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसली, तिसऱ्याही. तिचा रोजचा रबराचा चीक वाया जात होता, पण तिला घरी जा म्हणायचं तोंड मला नव्हतं. दायांग दाराजवळ बसते, गणितं अचूक सोडवते. वही तपासायला मी जवळ गेले की मान खांद्यात ओढून घेते. म्हणून आता तिची वही फाद्ली माझ्या टेबलावर आणून ठेवतो, आणि मी जागेवरूनच सांगते, "छान सोडवलंस, दायांग."

"हो, बू," ती म्हणते, आणि दाराकडे बघते.